शेवटच्या आठवड्याच्या टीचर

परवा विरारहून आत्याचा फोन आला. तिच्या प्राचीची सीईटी आठवड्यावर आली होती आणि पोरगी धड जेवत नव्हती, झोपत नव्हती, पुस्तक उघडलं की रडत होती. "तुमच्या बोळिंजच्या त्या टीचर अजून मुलं घेतात का गं? शेवटच्या आठवड्याच्या?" आत्याने विचारलं.

मी पुण्याहून टीचरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या मोठ्या बहिणीने, रोजी मावशीने उचलला. माझं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता ती म्हणाली, "यंदा नाही घेत ती कुणाला. तिची स्वतःचीच परीक्षा आहे. सकाळपासून दार लावून बसलीय. चहा नेला तर म्हणते, डिस्टर्ब करू नको."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते. आत्याला मात्र हे काही समजावून सांगता येईना. त्यासाठी बरंच मागे जायला हवं होतं.

मार्था टीचरांचं घर आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांची सगळी वाडी दिसायची. केळी, नारळ, विहीर आणि विहिरीपलीकडे मोगऱ्याच्या रांगा. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. या दोघी बहिणींनी आपली ठेवली. कुणी फारच विचारलं तर टीचर म्हणायच्या, "विकून टाकली तर सकाळी उठून जाऊ कुठे?"

टीचर उंच आणि हडकुळ्या. केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, सुती साडी आणि पायात बुटांसारख्या बंद चपला. शाळेत तीस-एक वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण पर्समध्ये खडू असायचाच. दुकानाच्या फळ्यावर 'ताजी कोथींबीर' असं दिसलं की दुकानदाराशी बोलता बोलताच वेलांटी दुरुस्त करायच्या. दुकानदारांनाही सवय झाली होती. एकदा भाजीवाल्याने "टीचर, आज 'वांगी' बरोबर लिहिलंय का बघा" म्हणून त्यांना रस्त्यातून हाक मारलेली मी स्वतः ऐकलीय. त्या आल्या, पाहिलं, "छान" म्हणाल्या आणि वांगी न घेताच पुढे गेल्या.

बहिणी-बहिणी आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या. मला त्यातलं निम्मं कळायचं. रोजी मावशी धाकट्या बहिणीला 'बाय' म्हणायची आणि दिवसभर तिला काही ना काही ऐकवायची. टीचर उत्तर द्यायच्या नाहीत. फार झालं की आमच्याशी बोलतात तशा शाळेतल्या मराठीत म्हणायच्या, "रोजी, मुद्दा संपला असेल तर बस आता." मग मावशी आणखी चिडायची.

मुलं घ्यायला त्यांनी सुरुवात केली ती ठरवून नव्हे. शेजारची एक मुलगी सीईटीच्या आदल्या दिवशी उलट्या करत त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. टीचरांनी तिच्या हातातलं गाइड काढून घेतलं, परडी दिली आणि म्हणाल्या, "चल, कळ्या काढायला मदत कर." कळ्या काढता काढता सहज एकेक सूत्र विचारलं. मुलीला सगळी येत होती. येतात हे तिलाच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी तिने आपल्या दोन मैत्रिणी पाठवल्या आणि तिथून ते सुरू झालं. वर्षभर मुलं कुठल्याही क्लासला जावोत, शेवटच्या आठवड्यात टीचरांच्या वाडीत. आधी कुणी आलं तर त्या परत पाठवायच्या. "अभ्यास करायचाय ना अजून? मग माझ्याकडे काय काम?"

माझ्या वर्षी आम्ही पाच-सहा जण होतो. सकाळी उजाडता उजाडता वाडीत जायचं, कारण मोगरा उमलायच्या आत काढावा लागतो. प्रत्येकाला एक रांग. कळ्या काढता काढता एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. फुलं न्यायला गाडी आली की सगळ्यांनी ओट्यावर बसून न्याहारी करायची आणि मग सराव पेपर. नवीन धड्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याला 'तुझं किती झालं' असं विचारायचं नाही. जो विचारेल त्याने विहिरीवरून झाडांना पाणी घालायचं.

पेपर सोडवायला बसलो की आतून रोजी मावशी मिक्सर लावायची. भांडी आपटायची. मध्येच रेडिओ मोठा करायची. पहिल्या दिवशी आम्ही टीचरांकडे तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, "मीच सांगितलंय तिला. सेंटरवर शेजारचा मुलगा पाय हलवणार, खोकणार, पंखा करकरणार. तिथे कुणाला गप्प करणार तुम्ही?" रोजी मावशीला हे काम मनापासून आवडायचं. वर्षभर जी बहीण तिला बस म्हणायची तीच आता 'अजून जोरात' म्हणत होती.

आमच्यातला हर्षद चांदीप गावचा. वडिलांची भातशेती. रोज पहाटे दूधवाल्याच्या टेम्पोतून बोळिंजपर्यंत यायचा. हुशार म्हणजे कसा, की गणित त्याला कागदावर मांडावं लागायचं नाही. पण कॉम्प्युटरवर परीक्षा म्हटल्यावर तो हबकला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये चौघांत एक कॉम्प्युटर, आणि माउस नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. टीचरांनी चर्चमध्ये जाऊन फादरांना गळ घातली आणि कार्यालयातला कॉम्प्युटर दुपारचा मोकळा करून घेतला. तिथे हर्षद बसायचा, शेजारी टीचर. "उत्तर निवड. सेव्ह कर. पुढे जा. परत मागे ये." दोन दिवसांत त्याचा हात बसला.

त्या आठवड्यात एकदा सेंटरवर जाऊन यायचं असाही टीचरांचा नियम होता. हर्षदचं आणि माझं सेंटर कामणच्या पुढे, एका कॉलेजात. आम्ही तिघं रिक्षाने निघालो. वसई-भिवंडी रस्त्यावर गोदामांच्या वळणाशी एक ट्रेलर आडवा होऊन बसला होता, मागे गाड्यांची ही रांग. माझे बाबा तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर. त्यांना फोन केला तर ते हसायला लागले. "हे रोजचंच आहे, बाळ." टीचर खूश झाल्या. परीक्षेच्या दिवशी याच्या डबल वेळ धरायचा, असं ठरलं. सेंटर बाहेरून पाहिलं, पाण्याचा नळ कुठे, बाथरूम कुठे हे वॉचमनला विचारून घेतलं आणि परतताना उसाचा रस प्यायलो. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला हे जमेल.

परीक्षेच्या दिवशी टीचर आमच्याबरोबर गेटपर्यंत आल्या. मी ठीक होते. हर्षद मात्र पांढरा पडला होता. "टीचर, मला काय आठवत नाय," तो म्हणाला.

टीचरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरायचं नाही, हर्षद. तुला सगळं येतं. फक्त घाबरायचं नाही. घाबरलं की संपलं."

हे वाक्य त्या सगळ्यांनाच सांगायच्या. मलाही सांगितलं होतं. मी मान हलवून आत गेले.

पेपर संपल्यावर मी बाहेर आले तेव्हा हर्षद गेटजवळच्या कठड्यावर बसला होता. गणिताचा अर्ध्याहून जास्त पेपर त्याने कोरा सोडला होता. टीचर त्याच्यासमोर उभ्या होत्या. तो रडत नव्हता, चिडलाही नव्हता. अगदी साध्या आवाजात सांगत होता. "पयल्या गनितालाच हात थरथरला, टीचर. मग मनात आलं, आपन घाबरलो. तुमी सांगितलं होतं घाबरलं की संपलं. मग म्हटलं, संपलंच. मग पुढचं काय वाचताच येईना."

टीचर त्याच्याशेजारी कठड्यावर बसल्या.

मग त्याने विचारलं, "तुमची कुठली होती एन्ट्रन्स? तुमी नाय घाबरलात?"

"माझी कुठलीच नव्हती रे," टीचर म्हणाल्या. "आमच्या वेळी मार्कांवर डीएड मिळायचं. नंतर नोकरी करता करता बाहेरून बीए केलं. मी कधी एन्ट्रन्स दिलीच नाही."

हर्षदने नुसतं "हां" म्हटलं. त्याच्या मनात टोमणा नव्हता. पण परतीच्या रिक्षात टीचर बाहेर बघत बसल्या.

मला जवळच्याच कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. हर्षदला मनासारखं कुठेच मिळालं नाही. तो घरच्या शेतीत राहिला. पावसाळा संपल्यावर एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येताना टीचर आमच्याकडे आल्या. आईने चहा ठेवला. टीचर मला म्हणाल्या, "शलाका, चांदीपला येतेस का माझ्याबरोबर? मला वाट नीट माहीत नाही."

चांदीपला हर्षदच्या अंगणात खाट टाकलेली होती. टीचर बसल्या. हर्षदच्या आईने पाणी आणलं. टीचरांनी इकडचं तिकडचं काही बोलून वेळ काढला नाही. "हर्षद, तू परत परीक्षा दे."

"नको टीचर. माझ्याच्यानं नाय होत ते."

"तू दे. मी पण देते."

"कसली?"

"लॉची. वकिलीची. वयाची अट नाही, मी चौकशी केलीय. बीएवर चालतं." टीचर पुढे म्हणाल्या, "तुला मी जे सांगितलं ते खरं होतं की नव्हतं, हे मला कसं कळणार? मी कधी आत बसलेच नाही."

हर्षदचे वडील ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "बाय, तुमचं वय काय, आन् या पोराच्या नादाला कशाला लागता?" टीचर म्हणाल्या, "दादा, तो नाही मला नादाला लावत. मी त्याला लावतेय." हर्षद हसला. मला आठवतं तसं त्या कठड्यानंतर त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या वर्षी शेवटच्या आठवड्याची टीचर मी झाले. वाडीत दोनच विद्यार्थी, एक हर्षद आणि एक मार्था टीचर. कळ्या काढता काढता मी हर्षदला भौतिकशास्त्र विचारायचे आणि टीचरांना राज्यघटना. आतून मिक्सर सुरू झाला की टीचर ओरडायच्या, "रोजी, बंद कर ते!" मावशी दारात येऊन म्हणायची, "अगं, तूच सांगितलेलं ना?" आणि पुन्हा आत जाऊन जोरात लावायची.

टीचरांनी आपला एकूण एक नियम मोडला. हर्षदला 'तुझं किती झालं' असं विचारलं आणि झाडांना पाणी घालावं लागलं. आदल्या दिवशी दुपारी त्या कुठे दिसेनात. रोजी मावशीने शोधलं तर विहिरीमागे केळीच्या सावलीत चालू घडामोडींचं नवंकोरं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. मावशीने ते ओढून घेतलं. "बाय, काय अडलंय तुझं? नको जाऊस उद्या. कोण काय बोलणार आहे तुला?" टीचर मान खाली घालून म्हणाल्या, "कोण काही बोलणार नाही, तेच तर." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मावशीने पेज केली, ती चार घोट घेतली.

परीक्षेला मी त्यांच्याबरोबर गेले. गेटवरचा गार्ड म्हणाला, "आंटी, पालकांनी तिकडे मंडपात बसायचं." टीचरांनी हॉल तिकीट पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि गडबडीने बाजूला झाला. मागच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. टीचर आत जाईनात. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

"सगळं विसरल्यासारखं वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "इथूनच परत जावंसं वाटतंय. हे असं असतं?"

"असंच असतं, टीचर."

"तुलाही झालं होतं?"

"हो."

"आणि मी त्या पोराला म्हटलं घाबरायचं नाही!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जसं काही ते त्याच्या हातात होतं."

वर्षानुवर्षं त्या मुलांना धीर देत आल्या होत्या आणि आता मी त्यांना काही सांगायची वेळ आली होती. मी म्हटलं, "टीचर, लाइन पुढे सरकतेय." त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि तशाच घाबरलेल्या आत गेल्या.

मी मंडपात बसून राहिले. बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले, साडीचा पदर कसाही खोचलेला. कसा गेला पेपर, हे मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "हर्षदला फोन लाव."

हर्षदची परीक्षा चार दिवसांवर होती. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. भर गर्दीत त्या मोठमोठ्याने बोलत होत्या. "हर्षद? ऐक. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. घाबरायचं. हो, घाबरायचं! चांगलं घाबरायचं. मी शेवटपर्यंत घाबरले होते. पण हात थरथरला तरी माउस हलतो रे. मी करून बघितलंय. क्लिक होतं!"

आजूबाजूची मुलं वळून बघत होती. मघाशी हसलेल्या दोघींपैकी एक पुढे आली आणि म्हणाली, "आंटी, मलापण सेम झालं. मला वाटलं मलाच होतंय." टीचर फोन कानाला लावूनच तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "नाही गं, सगळ्यांनाच."

हर्षदने त्या वर्षी पूर्ण पेपर सोडवला. फार मोठे मार्क नव्हते, पण त्याला हवं होतं ते सिव्हिल मिळालं. पेढे घेऊन आला तेव्हा रोजी मावशी त्याला म्हणाली, "मिक्सरचा उपयोग झाला ना?" तो म्हणाला, "मावशी, आतमधी शांतच होतं हो. तुमचीच आठवण येत होती."

टीचरांचे मार्क बेताचेच आले. आपल्याकडच्याच एका लॉ कॉलेजात शेवटच्या फेरीत नंबर लागला. आम्हाला वाटलं होतं, परीक्षा दिली, शंका फिटली, आता त्या थांबतील. गावातही तसंच बोलत होते. टीचर मात्र सरळ जाऊन प्रवेश घेऊन आल्या. "आत जायला एवढे हाल केले, आता बाहेरून बघून परत येऊ?" एवढंच म्हणाल्या.

पहिल्या वर्षी त्यांना करार कायद्यात केटी लागली. ही बातमी त्यांनी स्वतःच घरोघर सांगितली. मी कपाळाला हात लावला तर म्हणाल्या, "शलाका, मी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले. इतक्या मुलांना मी नापास केलं, मला कधी कळलंच नाही गं कसं वाटतं ते." त्या दिवशी वाटलं, की त्या रडतील. पण त्यांनी पर्समधून खडू काढला आणि ओट्याच्या फरशीवर मला कराराची व्याख्या लिहून दाखवली. मग वाकून बघितलं, तर व्याख्येतला एक शब्द राहून गेला होता. तो मध्येच घुसवताना स्वतःलाच म्हणाल्या, "हेच तर. हेच राहतं."

तेव्हापासून त्या कॉलेजही करत राहिल्या आणि आपली परीक्षा मध्ये आली नाही तर शेवटच्या आठवड्याला मुलंही घेत राहिल्या. मात्र त्यांचा आठवडा आता वेगळा होता. रोज सकाळी कळ्या काढताना सूत्रं विचारायच्या आधी त्या एकेकाला विचारायच्या, "आज कशाची भीती वाटतेय?" आणि मुलगा 'कशाची नाही' म्हणाला की म्हणायच्या, "नीट आठव. माझी तर मोठी यादी आहे."

मी पुण्याला नोकरीसाठी निघाले तो दिवस मला नेहमी आठवतो. सामान रिक्षात भरून मी आणि बाबा हायवेकडे निघालो होतो, तिथून पुण्याची बस. चौकात सिग्नल लागला. समोरच्या बस स्टॉपवर कॉलेजच्या तीन-चार मुली उभ्या होत्या, पांढरे शर्ट आणि काळ्या पँटी. त्यांच्या मधोमध टीचर. पांढरी साडी, काळा ब्लाउज, खांद्याला पिशवी. एका मुलीशी त्यांचं काहीतरी चाललं होतं, बोट नाचवून, मान हलवून. बहुतेक वाद चालला होता. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता.

तेवढ्यात पालिकेची बस आली आणि स्टॉप सोडून बरीच पुढे जाऊन थांबली. मुली धावल्या. टीचर मागे राहिल्या, पिशवी सावरत. हाक मारावी म्हणून मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकले. पण माझ्याआधी बसच्या दारात लोंबकळणाऱ्या मुलीने मागे वळून हाक मारली.

"ए मार्था! पळ ना गं! सुटेल ती!"

आणि टीचर पळाल्या. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पिशवी, चष्मा दोरीवर उडतोय. त्या मुलीने हात पुढे केला, टीचरांनी तो पकडला, आणि दोघी खिदळत बसमध्ये चढल्या.